बढाईची उधारी

कर्णपर्वात एक विलक्षण प्रसंग आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला धर्मराज छावणीत परतलेला असतो. अर्जुन विचारपूस करायला येतो. कर्ण अजून जिवंतच आहे हे कळल्यावर धर्मराजाचा तोल सुटतो आणि तो म्हणतो, तुझं ते गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आता अर्जुनाची मनातली प्रतिज्ञा अशी, की असं म्हणणाऱ्याचं डोकं उडवायचं. तो तलवार उपसतो. कृष्ण त्याला आवरतो आणि तोडगा सांगतो. थोरल्याचा अपमान करणं म्हणजे त्याला मारणंच, तेव्हा टाकून बोल, प्रतिज्ञा पुरी होईल. अर्जुन बोलतो, चांगलाच बोलतो. मग त्याला पश्चात्ताप होतो आणि तो तीच तलवार स्वतःवर चालवायला निघतो. कृष्णाकडे त्यावरही तोडगा आहे. स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती कर, तीसुद्धा आत्महत्याच. मग अर्जुन सांगतो, की एक शंकर सोडला तर माझ्या तोडीचा धनुर्धर नाही.

कीर्तनात या जागी लोक हसतात आणि कृष्णाची वकिली म्हणून सोडून देतात. मला वाटतं, व्यासांनी इथे गंभीर प्रश्न ठेवलाय. ‘मीच श्रेष्ठ’ म्हणणाऱ्याचं नेमकं काय मरतं? आणि ज्याचं कामच असं आहे, की तसं म्हटल्याशिवाय उभंच राहता येत नाही, त्याने काय करायचं? प्रश्न वडिलांनी घेतलेल्या महाभारताच्या जाडजूड खंडांतून आला, पण मनात रुतून बसला तो रिचर्ड शर्मन नावाच्या माणसामुळे.

मी सांगलीकडे शाळेत पी.टी.ची बाई होते. त्याआधी कबड्डी खेळले, उजव्या कोपऱ्यावर. मुलगी-जावई अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला असतात. तिथला हिवाळा म्हणजे दिवसभर रिपरिप आणि संध्याकाळ व्हायच्या आत काळोख, त्यामुळे रविवारी सगळं घर टीव्हीसमोर. जावई सियाटल सीहॉक्सचा कट्टर. मला अमेरिकन फुटबॉल आधी नुसता ढकलाढकलीचा, सारखा थांबणारा खेळ वाटायचा. मग कॉर्नरबॅक दिसला आणि म्हटलं, अरे, हा तर आपला कोपरा!

चढाईला आलेलीला आपण कुठे जाणार ते ठाऊक असतं, कोपऱ्यावरचीला नसतं. इथेही तेच. मैदानाच्या कडेला रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, उभा असतो, त्याला धावायची वाट पाठ असते. त्याच्यासमोर अगदी अंगाशी कॉर्नरबॅक. खेळ सुरू झाला की रिसीव्हर पुढे तोंड करून सुटतो. हा आधी उलट्या पावलांनी, मग कंबर वळवून त्याच्या खांद्याला खांदा लावून. पहिल्या ५ यार्डांत हाताने अडवायची, छातीवर धक्का द्यायची मुभा असते. त्यापुढे अडवलंत तर दंड. ही मर्यादा आली १९७८ साली. पिट्सबर्ग स्टीलर्सचा मेल ब्लाउंट नावाचा ६ फूट ३ इंचांचा गडी रिसीव्हरना वाटेतच असा काही रगडायचा, की लीगला नियम बदलावा लागला. लोक त्याला आजही ब्लाउंटचा नियम म्हणतात. सीहॉक्सचा कॉर्नरबॅक शर्मनही ६ फूट ३ इंचांचाच, आणि त्याच घराण्यातला. त्याचे प्रशिक्षक पीट कॅरल यांनी कॉर्नरना शिकवलं होतं, की समोरचा हलला म्हणून लगेच उडी घ्यायची नाही, जागेवर तग धरायचा, मग हात घालायचा. आम्ही मुलींना घोट्याच्या पकडीबद्दल हेच ओरडून सांगायचो.

आणखी एक. मधल्या रांगेतला आडदांड गडी चुकला तर ते बहुतेक प्रशिक्षकालाच कळतं. कॉर्नरबॅक चुकला तर सगळं मैदान उभं राहून पाहतं, कारण समोरचा माणूस चेंडू घेऊन एकटाच पळत असतो.

तर १९ जानेवारी २०१४. सियाटलचं सेंच्युरीलिंक फील्ड, जिंकेल तो सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, जाणार. सीहॉक्स २३, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स १७. जेमतेम अर्धं मिनिट उरलेलं आणि फोर्टीनाइनर्स गोलरेषेपासून १८ यार्डांवर येऊन ठेपलेले. एक टचडाउन झालं, म्हणजे चेंडू गोलरेषेपार गेला, की सीहॉक्सचा खेळ आटोपला. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, कॉलिन कॅपरनिक. त्याने उजव्या कोपऱ्यात रिसीव्हर मायकल क्रॅबट्रीसाठी चेंडू उंच सोडला. हा तुकडा जावयाने मला थांबवत थांबवत इतक्या वेळा दाखवलाय, की आता डोळे मिटले तरी दिसतो. शर्मन क्रॅबट्रीला चिकटून धावतोय. धावता धावता मान वळवतो, चेंडू डोक्यावरून जाणार हे दिसताच मागे झुकत उडी घेतो आणि एका हाताने त्याला टोलवतो. तेवढंच. चेंडू उलटा हवेत उडतो आणि मागून धावत आलेल्या सहकाऱ्याच्या, माल्कम स्मिथच्या हातात पडतो. घड्याळात २२ सेकंद.

मग शर्मन धावत क्रॅबट्रीकडे जातो, पाठीमागे थाप मारतो, हात पुढे करतो. बाहेर आलेल्या ध्वनिमुद्रणात ‘मस्त खेळलास’ अशा अर्थाचं काहीतरी ऐकू येतं. खोच होती की मनापासून, ते तोच जाणे. क्रॅबट्री त्याचं तोंड ढकलून देतो. शर्मन कॅपरनिककडे बघून स्वतःचा गळा आवळल्याची खूण करतो, ज्याबद्दल पुढे ७,८७५ डॉलरचा दंड झाला. आणि मग एरिन अँड्र्यूज ही बातमीदार माइक घेऊन येते. तो जवळजवळ किंचाळतो. या खेळातला सर्वोत्तम कॉर्नर मी आहे, क्रॅबट्रीसारखा फालतू रिसीव्हर माझ्या अंगावर सोडलात तर हेच होणार.

कृष्णाच्या हिशेबाने बघा, एका दमात दोन हत्या. एक समोरच्याची, एक स्वतःची.

दुसऱ्या दिवशी अख्खा देश तुटून पडला. गुंड, मवाली, काय वाट्टेल ते. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनमधला हा काळा मुलगा. वडील पहाटे उठून कचऱ्याची गाडी चालवायचे. शाळेतून दुसऱ्या क्रमांकाने बाहेर पडून स्टॅनफर्डला गेला आणि तिथली पदवी घेतली. शर्मनने पत्रकारांना सुनावलं, की जी वर्णद्वेषी शिवी आता उघड देता येत नाही, तिच्याऐवजी ‘गुंड’ हा शब्द वापरला जातोय. त्या वादात त्याची बाजू शंभर टक्के बरोबर होती, माझ्या मते. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याची माफी. एका माणसावर व्यक्तिगत हल्ला केल्याबद्दल आणि सहकाऱ्यांच्या कामगिरीवरचं लक्ष आपल्याकडे ओढून घेतल्याबद्दल त्याने माफी मागितली. ‘सर्वोत्तम मी आहे’ हे मात्र मागे घेतलं नाही. म्हणजे दोन हत्यांपैकी एकीची कबुली दिली, दुसरी अंगावर ठेवून घेतली. मला ही वाटणी अगदी रास्त वाटते. परनिंदा हे पाप, ते दुसऱ्याच्या खात्यातून काढलेलं असतं. आत्मस्तुती ही उधारी. ती ज्याने केली त्यानेच फेडायची, आणि या धंद्यात ती अंगाने फेडावी लागते.

हे म्हणताना मला ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय आडवा येतो, हे कबूल. ज्ञानाच्या लक्षणांत पहिलंच अमानित्व. ज्ञानेश्वर ते इतक्या मायेने उलगडतात, की वाचताना मन निवतं: मानाचा कंटाळा, स्तुती कानी पडली की संकोच, आपलं मोठेपण झाकून ठेवण्याची धडपड. पण मराठी घरांत आणि सभागृहांत या अमानित्वाचं पुढे काय झालं, तेही बघायला हवं. ‘मी तर अगदी सामान्य कार्यकर्ता’ म्हणणाऱ्याचं नाव पत्रिकेत चौथ्या क्रमांकावर छापा आणि मग मजा पाहा. शाल अंगावर पडताना मान खाली आणि डोळे फोटोवाल्याकडे. आपल्याकडे नम्रता हा बऱ्याचदा अहंकाराचा इस्त्री केलेला सदरा असतो. ज्ञानेश्वरांनी आतल्या स्थितीबद्दल लिहिलं, आपण आवाजाची पट्टी तेवढी उचलली.

आणि त्या पट्टीचा कोपऱ्यावर उपयोग नसतो. आमच्या शाळेच्या संघात एक मुलगी होती, गुणी, शिस्तीची, मोठ्या आवाजात कधी बोलायची नाही. पायात वेग, हातात ताकद. पण एक पकड सुटली, की पुढच्या चढाईला तिचा हात अर्ध्या वाटेत थबकायचा. तो थबकलेला हात मला मैदानाबाहेरून दिसायचा आणि समोरचीलाही दिसायचा. ती मग चढाईला येऊन थेट हिच्याच अंगावर यायची. ‘मी कोण अशी मोठी’ हे तिच्या बोलण्यात नव्हतं, मनगटात उतरलं होतं. तिला नम्र म्हणायचं का? मी तिला रोज सांगायची, अगं, पुढची चढाई नवी असते.

व्यासांना हे पक्कं माहीत होतं. नाहीतर शल्याला कर्णाच्या रथावर कशाला बसवलं असतं? शल्याने धर्मराजाला आधीच वचन दिलेलं, की सारथ्य करताना मी कर्णाचा तेजोभंग करीन. मग रथावर तो टोमण्यांचा मारा सुरू करतो. उष्ट्यावर पोसलेल्या कावळ्याची गोष्ट सांगतो, जो हंसांना म्हणतो मला उडायच्या एकशे एक तऱ्हा येतात, आणि समुद्रावर दमून पाण्यात पडतो. कर्ण चिडतो, उलट शिव्या देतो, पण तीर लागलेला असतो. आजच्या खेळाडूंच्या भाषेत हे सरळसरळ स्लेजिंग. धनुष्यापेक्षा तेज आधी फुटतं, हे त्या काळच्या लढवय्यांनाही ठाऊक होतं. मग आपलं तेज शाबूत ठेवायला वीराने स्वतःशी काही मोठं बोलावं, हे ओघानेच आलं. रणात वीर आपलं नाव, कुळ, पराक्रम ओरडून सांगतात ते काही करमणूक म्हणून नाही.

मग अहंकार ओळखायचा कसा? मी आयुष्यभर खेळाडू पाहिले आहेत, माझी खूण साधी आहे. हरल्यावर माणूस कुठे बघतो ते बघावं. शर्मन स्टॅनफर्डला आधी रिसीव्हर होता. गुडघा दुखावला आणि मग तो कॉर्नरला आला, त्यामुळे समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय याचा त्याला अंदाज असे. पण तेवढ्यावर तो विसंबला नाही. सामन्यांच्या चित्रफितींचा तो किडा होता. कुठल्या आखणीतून कुठली वाट निघते, रिसीव्हर कुठल्या पावलावर वळतो, हे घोकून घोकून मैदानात उतरायचा. २०११च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पाचव्या फेरीत, १५४व्या क्रमांकावर उचललेला माणूस तीन मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक इंटरसेप्शन घेतो, म्हणजे समोरच्याने फेकलेले चेंडू हिसकावतो, ते निव्वळ तोंडाच्या जोरावर नाही. अंधाऱ्या खोलीत आपलीच चूक दहादा मागे-पुढे करून पाहायला जी वृत्ती लागते, ती अहंकारी माणसाकडे नसते. अमानित्व असलंच तर ते त्या खोलीत होतं, माइकसमोर नव्हतं.

तरीही मी त्याला सात्त्विक म्हणणार नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याजवळ धैर्य आणि उत्साह असतो, पण ‘मी’ची भाषा नसते. उगाच ओढाताण करून शर्मनला त्या रांगेत बसवण्यात अर्थ नाही. तो रजोगुणाचा माणूस, फळाची हाव असलेला, जिंकलं की हर्षाने आणि हरलं की शोकाने भरून जाणारा. पण रजोगुणात राहूनही माणूस प्रामाणिक असू शकतो, याबद्दल आपले प्रवचनकार फार बोलत नाहीत. ते तमातून एकदम सत्त्वात उडी मारायला सांगतात. कोपऱ्यावर उभं राहणाऱ्यांचं काय?

उधारीचं फळ कसं येतं ते बघा. ४ सप्टेंबर २०१४ला मोसमाचा पहिला सामना, समोर ग्रीन बे पॅकर्स आणि त्यांचा ॲरन रॉजर्स, त्या काळातला अव्वल क्वार्टरबॅक. रॉजर्सने पूर्ण सामन्यात शर्मनच्या बाजूला एकही चेंडू टाकला नाही. एकही नाही. पॅकर्सनी आपला एक रिसीव्हर तिकडे जणू दान करून टाकला आणि उरलेल्या मैदानात खेळले. सीहॉक्स ३६–१६ने जिंकले. जावई याला शर्मनचा सर्वात मोठा सन्मान मानतो. मला त्या दिवशीचा शर्मन पाहताना वेगळंच वाटतं. बढाई खरी ठरल्याचं बक्षीस म्हणजे सामनाभर नुसतं धावायचं, एका माणसाबरोबर, ज्याच्याकडे काहीच येणार नाही. कर्म पूर्ण, फळ शून्य. गीतेने सांगितलेला निष्कामपणा याच्यावर असा लादला गेला, आणि तोही प्रतिस्पर्ध्याकडून!

२०१२ साली याच माणसाने दुसरा एक नामांकित क्वार्टरबॅक, टॉम ब्रॅडी, याला हरवल्यावर ‘चिडलास का भाऊ’ छापाचं चित्र इंटरनेटवर टाकलं होतं. १ फेब्रुवारी २०१५ला ॲरिझोनात झालेल्या सुपर बोलमध्ये त्याच ब्रॅडीने सीहॉक्सना २८–२४ असं हरवलं. शेवटच्या क्षणी गोलरेषेवर सीहॉक्सच्या हातून चेंडू गेला तेव्हा कडेला उभ्या शर्मनचा चेहरा कॅमेऱ्याने टिपला, तो कसा उतरत गेला तो जगाने पाहिला. त्यानंतरचं छायाचित्र लोक कमी पाहतात. ब्रॅडी मैदानात गुडघे टेकून बसलाय आणि शर्मन वाकून त्याच्यापुढे हात धरून उभा आहे. हप्ता चुकवला नाही त्याने.

पुढे त्याच ॲरिझोनाच्या मैदानावर, ९ नोव्हेंबर २०१७ला, टाचेमागचा स्नायुबंध तुटला. मार्च २०१८मध्ये सियाटलने सोडून दिलं. एजंट न ठेवता त्याने स्वतःच फोर्टीनाइनर्सशी करार केला, ज्यांच्याविरुद्ध तो किंचाळला होता त्यांच्याशीच. करार असा, की मोठी रक्कम कामगिरीवर टांगलेली. प्रो बोलसाठी, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या संघात, निवड झाली तर जादा पैसे. जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं. मला तो करार फार आवडतो. ही लेखी बढाई, तारखा आणि आकड्यांसकट. २०१९च्या मोसमात निवड झाली आणि त्याने ते पैसे वसूल केले.

त्या मोसमाच्या शेवटी, १९ जानेवारी २०२०ला, म्हणजे त्या किंचाळण्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, तो पुन्हा सुपर बोलच्या उंबऱ्यावर होता. समोर पुन्हा रॉजर्स. चौथ्या टप्प्यात पॅकर्सच्या डावांटे ॲडम्सने त्याला मागे टाकून ६५ यार्डांचा झेल घेतला. वय एकतिशी ओलांडलेलं, टाच शिवलेली, सगळं मैदान बघतंय. आणि सामना संपायच्या सुमाराला रॉजर्सने पुन्हा ॲडम्सकडेच टाकला, तेव्हा शर्मनने तो चेंडू हिसकावून घेतला. माझ्या त्या गुणी मुलीला मी हेच शिकवू पाहत होते. दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीच्या सॅमी वॉटकिन्सने त्याला तसंच मागे टाकलं, ३८ यार्ड, आणि त्यानंतर हिसकावून घ्यायला काही उरलं नव्हतं. फोर्टीनाइनर्स ३१–२०ने हरले.

महाप्रस्थानात अर्जुन पडतो तेव्हा भीम विचारतो, हा का पडला? धर्मराज सांगतो, एका दिवसात सगळे शत्रू जाळीन म्हणाला होता, ते केलं नाही. आणि सगळ्या धनुर्धरांना तुच्छ लेखलं. नीट पाहिलं तर धर्मराजाचा आक्षेप बोलण्यावर नाही, बोलून न केल्यावर आहे, आणि दुसऱ्यांना कमी लेखण्यावर आहे. म्हणजे तीच वाटणी. शंकर सोडला तर माझ्यासारखा कोणी नाही, या वाक्याचा तिथे उल्लेखही नाही. ते फेडलेलं होतं. (सगळ्यांचे असे दोष सांगताना धर्मराज स्वतःचं अश्वत्थाम्याबद्दलचं अर्धसत्य विसरतो, पण थोरल्या भावांचं असंच असतं.)

फेडता येत नाही ते मैदानाबाहेरचं. जुलै २०२१मध्ये शर्मनला रेडमंडमध्येच, सासरच्या घराशी, अटक झाली. पुढे त्याने किरकोळ गुन्ह्यांची कबुली दिली, जाहीर खेदही व्यक्त केला. कोपऱ्यावरचं तेज घराच्या दाराशी काय कामाचं, हा प्रश्न मोठा आहे, पण तो फक्त त्याचा नाही. गांडीव हातात असूनही अर्जुनाला साध्या काठीवाल्या लुटारूंपासून द्वारकेच्या स्त्रियांना वाचवता आलं नव्हतं. अर्जुनाने शेवटी गांडीव वरुणाला परत केलं. शर्मन तोंड घेऊन टीव्हीवर गेला, २०२२पासून ॲमेझॉनवर गुरुवारच्या सामन्यांचं विश्लेषण करतो, आणि चांगलं करतो. बोलताना दुसऱ्याच्या चुकीतलं पाऊल न् पाऊल दाखवतो.

राहिला प्रश्न, तो खरंच सर्वोत्तम होता का. माझ्या मते नाही. त्या काळातही डॅरेल रिव्हिस हा कॉर्नरबॅक त्याच्या वर होता. रिव्हिस समोरच्या सर्वात चांगल्या रिसीव्हरच्या मागे मैदानभर फिरायचा, उजवीकडे जाईल तर उजवीकडे, डावीकडे तर डावीकडे. शर्मन बहुतेक वेळ आपली डावी बाजू धरून राहिला. जावई म्हणतो, आई, ती संघाची पद्धत होती, त्याचा दोष काय त्यात? असेल. पण पद्धत असली तरी दावा ‘मी’चा होता, ‘आम्ही’चा नव्हता, त्यामुळे हिशेब त्याच्याच नावावर लागणार. त्या एका चेंडूपुरता, त्या २२ सेकंदांपुरता, तो सर्वोत्तम होता हे मी मान्य करते. जावयाला ते पुरत नाही. पुढच्या खेपेला तो मला २०१३च्या मोसमातले सगळे सामने दाखवणार आहे.